लिंबाखालचा दगड

गाडी अक्कलकोटच्या रस्त्याला लागणार, तेवढ्यात चिमाबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

“शिवकुमार, जुळे सोलापूरला घे. लेकाच्या घराकडं.”

“आजी, साहेबांनी दर्शनाला न्यायला सांगितलंय. संध्याकाळच्या आत घरी आणू नको म्हणालेत.”

“साहेब तुझा. माझं त्ये पोरगं हाय. आज त्ये दिल्लीत माळासाठी बोलणार, आन् मी तितं घंटा वाजवत बसू व्हय?”

शिवकुमार हसला आणि त्याने गाडी वळवली.

चिमाबाईंचा मुलगा जोतिराम खासदार होता. वस्तीलगतचा निम्मा माळ सौरप्रकल्पाच्या कुंपणात गेला होता; उरलेला दिवाळीनंतर जाणार, अशी नोटीस लागली होती. तो गेला की मेंढरं विकायची, हे वस्तीवर न बोलताच ठरले होते. चिमाबाईंचा सारा जन्म त्या माळावर गेला होता. उन्हाळ्यात कळप घेऊन कुठेही भटकले, तरी परतल्यावर पहिला मुक्काम माळावरच्या लिंबाखालीच पडायचा.

खिडकीतून मागे पळणारी घरे त्यांना दिसत नव्हती. त्यांना दिसत होता तो खडक. लहानगा जोतिराम डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन त्यावर चढायचा आणि मेंढरांपुढे भाषण ठोकायचा. मेंढरं माना खालीवर करीत चरत राहायची. नवरा म्हणायचा, “बघ, समदी व्हय म्हनत्यात.” नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. खडकही आता कुंपणाच्या आत होता.

लिंब मात्र अजून बाहेर होता. त्याच्याखाली अलीकडेच एक नवा दगड उभा राहिला होता. तो धुळाप्पांनी, म्हणजे चिमाबाईंच्या दिरांनी, बसवला. “कुणाचा वो, भावजी?” असे त्यांनी विचारले, तेव्हा धुळाप्पा पहार पुसत, खाली बघत एवढेच म्हणाले, “जोतिरामानं सांगितलंया.”

माळावरच्या देवाला मूर्ती लागत नाही; दगड आणि भंडारा पुरतो. माळ वाचावा म्हणून पोराने बिरुदेवाला नवस बोलला असणार, हे चिमाबाई समजून गेल्या. दिल्लीला जाऊन पोरगा देवाला विसरला नव्हता. पुढे सोलापुरातून फोटो काढायला एक माणूस आला. चिमाबाई हौसेने नवे लुगडे नेसून दगडाशेजारी बसल्या, तर तो म्हणाला, “आजी, तुम्ही जरा बाजूला व्हा. साहेबांना नुसता दगडच पाहिजे.” देवाच्या फोटोत माणूस कशाला, हे त्यांनाही पटले.

तेव्हापासून त्या रोज सकाळी त्या दगडाला पाणी घालीत आणि भंडारा लावीत. आज वस्तीवरून निघतानाही मूठभर उधळून त्या म्हणाल्या होत्या, “देवा, आज माझ्या लेकाच्या जिभंवर बस.” बोटे अजून पिवळी होती.

जोतिरामच्या फ्लॅटचे दार सुनेने उघडले. सासूला पाहताच सोनमचा हात कडीवरच राहिला.

“आत्या? दर्शन झालं इतक्यात?”

“देव कुटं पळून जातुया? आदी टीव्ही लाव.”

“नेट गेलंय हो सकाळपासून. तुम्ही जेवून घ्या ना. शेंगाचटणी आहे, गरम भाकरी टाकते.”

“भाकरी रोजच हाय की गं.”

पाणी प्यायला आत आलेल्या शिवकुमारने रिमोट उचलला. “लागलं की, वहिनी!” तो आनंदाने म्हणाला. सोनमने त्याच्याकडे असे पाहिले, की तो रिमोट ठेवून दाराशी जाऊन उभा राहिला.

पडद्यावर जोतिराम उभा होता. खांद्यावर काळी घोंगडी होती.

“सोनम, लोकर मी कातल्याली हाय तिची!” चिमाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

जोतिराम मराठीतून बोलत होता. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, असे सांगत होता. तिथल्या गवतांची नावे, पाणवठे, मेंढरांच्या वाटा. एकही नाव चुकले नाही. चिमाबाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. सुरुवातीचा गलका हळूहळू ओसरला. समोरच्या बाकांवरचे लोकही ऐकू लागले. मग त्याने एक मोठा फोटो वर धरला.

“आत्या, ताट वाढलंय.” सोनमचा आवाज चिरकला.

“थांब गं. देव दावतोय त्यो.”

अध्यक्ष फोटो खाली ठेवायला सांगत होते. जोतिरामने तो ठेवला नाही.

“अध्यक्ष महोदय, या कुंपणानं आमच्या वस्तीची दवाखान्याची वाट बंद केली. लांबच्या वळशानं नेताना, माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझी आई गेली. माळावर जन्म काढलेल्या माणसाचा आम्ही धनगर माळावरच दगड बसवतो. लिंबाखालचा हा दगड माझ्या आईचा आहे. उरलेल्या माळाचं कुंपण आता तिच्यावरून नेणार आहात का?”

 मग दोन्ही बाजूंची बाके वाजू लागली आणि उत्तर द्यायला मंत्री उठले.

शिवकुमार दारातून बाहेर निघून गेला. सोनमने डोळे पुसत रिमोटकडे हात नेला. चिमाबाईंनी पिवळ्या बोटांनी तो हात धरला.

“राहू दे, सोनम. माळाचं काय म्हनत्यात, त्ये ऐकू दे.”