शांत रात्री

लंगोट बदलायला तिने बाळाला पाळण्यातून उचललं, आणि लॅपटॉप ओरडला नाही.

ओरडायला हवा होता. गादीखालच्या पट्टीला श्वास जाणवेनासा झाला की तो घर डोक्यावर घ्यायचा. दिवस भरण्याआधीच आलेलं बाळ झोपेत मधेच श्वास घ्यायला विसरायचं, म्हणून ही राखण. बाळाला उचलण्याआधी पट्टीवरचं बटण दाबून राखण बंद करायची असते; आज ती नेमकं तेच विसरली होती.

पट्टीचा हिरवा दिवा तर लुकलुकत होता. बाळाला खांद्यावर टाकून तिने एका हाताने राखणीचा प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला. पायथन सापडत नाही, असं उत्तर आलं. संगणकाच्या ज्या भाषेच्या जोरावर तो चालायचा, ती भाषाच जागेवर नव्हती.

तिने नवऱ्याला फोन लावून पायथनचं विचारलं.

"हो, मीच काढलं," तो सहज म्हणाला. "दोन-दोन होती गं. नवं ठेवलंय, जुनं काढलं. फोटोंना जागा पुरेना."

"कसले फोटो?"

"बाळाचेच की."

राखण जुन्यावर चालायची. "कधी काढलंस?"

"रविवारी." मग त्याच्याही लक्षात आलं असावं.

आज गुरुवार. रविवारपासून यंत्राने एकदाही उगाच बोंब मारली नव्हती. शहाणं झालं हो ते, ओळखायला लागलं बाळाला, असं सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या. तीही हसली होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिला रात्र रात्र गाढ झोप लागली होती.

नवं पायथन कुठे आहे, हे संगणकाला विचारायला गेली तर बोटं भलतीच अक्षरं दाबू लागली. अखेर पडद्यावर एक लांबलचक पत्ता उमटला: फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक. तोच तिने प्रोग्रामला दिला.

लॅपटॉप ठणाणा ओरडायला लागला. बाळ दचकून रडू लागलं. सासूबाई ओल्या हातांनीच धावत आल्या.

"अगं, ठेव ना त्याला पाळण्यात. आपोआप गप्प होईल ते."

"हो, आई."

ती पाळण्याशी गेली, वाकली. हात काही सुटेनात. रिकाम्या गादीवर ती तशीच ओणवी राहिली, बाळाला छातीशी घट्ट धरून, आणि लॅपटॉप ओरडत राहिला.