वीतभर फळी

“त्यांचं दार अर्धं बोट उंच आहे!” पलीकडच्या देशाचा अधिकारी ओरडला.

सुताराने पुन्हा टेप लावली. दोन्ही दारं सारखीच होती. अकरा वर्षं अबोला धरलेले दोन देश उद्या या दालनात बोलायला बसणार होते, आणि आधी आत कोणी यायचं यावर आठ दिवस भांडले होते. शेवटी समोरासमोर दोन दारं काढायचं ठरलं. शी! यांच्यापेक्षा शेंबडी पोरं शहाणी. बोलणीतलं पहिलं कलम कैद्यांच्या सुटकेचं होतं आणि त्या कैद्यांत सुताराचा मुलगा होता. मासे धरताना बोट भरकटून पलीकडच्या पाण्यात गेली, एवढाच गुन्हा. सहा वर्षं झाली.

मोजणी झाली, सह्या झाल्या. मग सुताराच्याच देशाचा अधिकारी हळूच जवळ आला.

“मामा, दार आधीच बेताचं आहे. त्यांच्या चौकटीला वरून वीतभर फळी ठोका. त्यांचा मंत्री वाकून आत आला पाहिजे. जगाला दिसू दे.”

“अहो साहेब, आत्ताच सह्या केल्यात ना?”

“देशासाठी एवढंही करणार नाही?”

तासाभराने पलीकडचा आला. मागणी तीच, फक्त दार दुसरं. “तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, मामा. विसरू नका.”

एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा! सुताराने हातोडी उचलली. त्याने दोन्ही चौकटींना फळ्या ठोकल्या आणि वरून रंग दिला.

सकाळी दहाच्या ठोक्याला दोन्ही मंत्री आत आले. दोघंही वाकून. मान वर करतात तो समोरचाही वाकलेला.

“आपण आधी मान लववलीत. मोठं मन तुमचं,” एक म्हणाला.

“छे छे, आधी आपणच!”

दोन्ही अधिकारी फळ्यांकडे बघत राहिले. बोलणार काय, कपाळ? तेरी भी चुप, मेरी भी चुप. दुसऱ्या दिवशी पेपरांनी दोघांच्या नम्रतेचे गोडवे गायले. सुताराने पेपर चुरगळून भुशात फेकला.

महिन्याने मुलगा सुटला. घराचं दार सुताराने स्वतःच्या हाताने केलेलं होतं, चांगलं उंच. मुलगा उंबऱ्याशी थांबला, कोठडीच्या बुटक्या दाराशी वाकावं तसा कमरेत वाकला आणि तसाच आत शिरला.

“अरे, वाकतोस कशाला?” आई म्हणाली. “हे आपलं दार आहे.”