डोणीवरचा नळ

नेमेसियाने दोन बोटांनी नळाचा नट धरला, अर्धा फेरा सैल केला आणि पाणी टपकू लागताच ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. अंगणातली दगडी डोणी उन्हाने तापली होती. एप्रिलचा तिसरा आठवडा. कोंबड्यासुद्धा चोची वासून सावलीला पडल्या होत्या. जरा वेळाने आंबट संत्र्याच्या झाडातून पहिला सातरंगा खाली उतरला. निळं डोकं, हिरवी पाठ, पोटाला लालभडक. पान हललं तरी पसार होणारी जात. त्याने इकडेतिकडे पाहिलं, थेंबाखाली मान धरली आणि पंख फुलवले. मागोमाग आणखी तीन आले.

चाळीस वर्षं नेमेसियाने हेच रंग बायकांच्या विपिलच्या, म्हणजे सैल पांढऱ्या झग्यांच्या, गळ्यांवर भरले होते. दोन वर्षांपूर्वी बोटांची पेरं सुजली आणि सुई सुटली. तेव्हापासून दुपार तिला खायला उठायची. यंदा ही पाखरं आली आणि तिला पुन्हा दुपारची वाट पाहावीशी वाटू लागली.

नवऱ्याला मात्र तिने याचा पत्ता लागू दिला नव्हता. तेओफिलो तरुणपणी हीच पाखरं सापळ्यात धरून मेरिदा शहराच्या बाजारात विकायचा. लग्नाआधी तिच्या बापासमोर त्याने सगळे पिंजरे जाळले आणि प्लंबरचं काम धरलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे नेमेसियाचं ठाम मत. म्हणून गेले तीन आठवडे तो कामावर गेला की ती नट सैल करी. पहिल्या दिवशी पक्कड घेऊन झटावं लागलं, घाम फुटला. मग हाताला सवय झाली. संध्याकाळी तेओफिलो गळता नळ पाही, मान हलवी आणि पाना घेऊन डोणीपाशी बसे. नेमेसिया चुलीपाशी बसूनच त्याला ऐकवी, "गावभर नळ दुरुस्त करत फिरतोस म्हाताऱ्या, बायकोचा तेवढा राहिला बघ!"

चोर तो चोर, वर शिरजोर. हे तिलाही कळत होतं, आणि थोडी मजाही वाटत होती.

पण पाण्याचा ओघळ भिंतीखालून शेजारच्या कासिमिरोच्या अंगणात गेला आणि गोष्ट गावभर झाली. संध्याकाळी वाऱ्याला बसायला सगळ्यांच्या खुर्च्या दारापुढे निघाल्या, तेव्हा कासिमिरो उठून उभा राहिला. "बोम्बा!" अशी कवनाआधी द्यायची रिवाजाची आरोळी ठोकून त्याने यमक जुळवलं,

"गावाचे नळ आवळतो, स्वतःचा मात्र गळतो,
पान्याला गंज चढला की प्लंबर घरी पळतो!"

गल्ली हसून लोळली. तेओफिलोही हसला. नेमेसियाला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

सोमवारी तो जेवायला आला तेव्हा तीन वाजत आले होते. हल्ली रोजचंच झालं होतं ते. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी बसून असतो, असं लोक सांगत. घेवड्यातलं डुकराचं मटण दोनदा गरम करून ती वैतागली होती. पण त्याचा चेहरा पाहून तिने दोन ताटं वाढली.

"यंदाच्या सणाचं, चर्चच्या टाकीचं काम गेलं," तो घास मोडत म्हणाला. "शेजारच्या गावच्या पोराला दिलं."

"बावीस वर्षं तू करतोयस ते!"

"समितीवाले म्हणाले, ज्याला स्वतःचा नळ आवरत नाही, त्याच्या हाती सणाचं पाणी कसं द्यायचं?"

नवऱ्याचं नाव गावात कशावर उभं आहे हे नेमेसियाइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने ताट बाजूला सारलं.

"मी सोडते तो नट," ती म्हणाली. "रोज. दुपारी सातरंगे येतात पाण्याला. तुला कळलं तर धरशील म्हणून बोलले नाही." तिला रडू फुटलं. "उद्या मी समितीपुढे जाऊन सांगते सगळं. तू आत्ताच्या आत्ता पाना घे आणि नीट आवळ तो. कायमचा."

तेओफिलोने मक्याच्या भाकरीने ताट पुसलं. शेवटचा तुकडा सावकाश चावला.

"चार नर आहेत," तो म्हणाला. "आणि एक हिरवी मादी. ती भित्री. सगळ्यांच्या मागून येते, अडीच वाजता. फाटकाच्या फटीतून दिसते. ती उडाल्याशिवाय मी आत कसा येऊ?"

नेमेसिया डोळे पुसायची थांबली. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशीच. नटावर पकडीचे ओरखडे होते. प्लंबर आहे मी, गाढव नाही."

"आणि गावाची बोलणी खात बसलास? हातचं काम जाऊ दिलंस?"

"टाकी काय, पुढच्या वर्षीही गळेल. पाखरं महिनाअखेरीला उत्तरेला जातात. ती जाऊ देत, मग कर समितीपुढे हवा तेवढा आरडाओरडा."

"मेल्या, मग रोज संध्याकाळी पाना घेऊन डोणीपाशी काय करत होतास?"

तेओफिलोने तिचा हात ओढून घेतला आणि सुजलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला.

"पाना शेजारी ठेवायचो, हातानेच आवळायचो. पान्याने आवळला असता, तर या बोटांना सुटला असता का गं, म्हातारे?"