घाटातली चाचणी

कसारा घाटात बर्फ पडू लागल्याचं हे चौथं वर्ष होतं. विजेवरचं जुनं इंजिन अभियंता यमुना गांगुर्डे स्वतः चालवत होती आणि शेजारी मुख्य अभियंता केळशीकर बसले होते. ते खरं तर नव्या इंजिनाच्या चाचणीसाठी आले होते.

"आधी जुनं बघू, साहेब," असं म्हणून तिनं त्यांना यात चढवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ निवृत्ती चालवत असलेलं असंच इंजिन याच चढावर बंद पडलं, आणि मदत येईपर्यंत तो गारठून मेला. इंजिनाच्या मोटारी थंड ठेवणारी हवा खालच्या जाळ्यांतून आत येते आणि तिच्याबरोबर पिठासारखा बर्फही येतो, तो वितळला की मोटारी जळतात, म्हणून जाळ्या छताजवळ न्या, असं यमुनेनं त्याआधीच लेखी कळवलं होतं. केळशीकरांनी ते पत्र दाबलं आणि अहवालात लिहिलं, 'चालकाचा हलगर्जीपणा.'

बोगद्याबाहेर येताच जळका वास सुटला. मोटारी गेल्या, वीज तुटली, हीटरही बंद पडला.

अर्ध्या तासात केळशीकरांचे दात वाजू लागले. यमुनेनं कोरा कागद पुढे केला. त्यांनी खरं कारण आणि स्वतःची चूक लिहून खाली सही केली.

"आता तरी नवं इंजिन बोलव गं," ते गयावया करत म्हणाले.

उंच जाळ्यांचं नवं इंजिन मागच्याच स्टेशनात तयार उभं होतं. यमुनेनं कागद खिशात घातला, वायरलेस बंद केला आणि ती त्यांच्यासमोर बसली.

"माझा दादा इथं पाच तास बसला होता, साहेब. आपले अजून साडेचार बाकी आहेत."