तीनशे बारा होकार

"सकाळी होस्टेलच्या दारात गरमागरम थालीपीठ मिळालं तर घ्याल का?" केतकीनं विद्यार्थी उद्योजकांच्या ग्रुपवर पोल टाकला आणि दोन तासांत तीनशे बारा जणांनी 'हो' दाबलं. पोरगी हरखूनच गेली. आईकडून पाच किलो भाजणी मागवली, फाटकाशी शेगडी मांडली.

नऊ वाजले, दहा वाजले. खमंग वास रस्त्यापर्यंत गेला. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. शेवटी ग्रुपमधल्या दोघी आल्या. केतकीनं लगबगीनं लोणी काढलं.

"खायला नाही गं आलोय," एक म्हणाली. "एवढे होकार मिळवलेस कसे, ते विचारायचंय. आम्हालाही साबण विकायचाय."

"पण तूही 'हो' म्हटलं होतंस ना?"

"मग! आपल्यातल्याच पोरीला नाही कसं म्हणायचं?"

केतकीनं लोणी परत झाकून ठेवलं. गेल्या महिन्यात तिनंही कुणाच्या मेणबत्त्यांना, कुणाच्या लोणच्याला, कुणाच्या कापडी पिशव्यांना असंच 'हो' म्हटलं होतं. घेतलं नव्हतं काहीच.

तेवढ्यात मोबाइल वाजला. ग्रुपवर नवा पोल होता : "होस्टेलच्या दारात ताजा उसाचा रस मिळाला तर घ्याल का?"

केतकीनं बोटाचं पीठ ओढणीला पुसलं आणि 'हो' दाबलं.