बसवेशचा गुडघा

बेंबळीच्या शाळेच्या मैदानावर बसवेशचा सत्कार होता. पुण्यातल्या फुटबॉलच्या खालच्या लीगमधल्या एका क्लबाकडून तो बारा वर्षं मिडफिल्डर म्हणून खेळला. दर हंगामात एखाद्या मोठ्या क्लबाच्या बोलावण्याची वाट बघितली, ते काही आलं नाही. शेवटी बूट काढून ठेवले आणि तो गावी परतला.

त्याचे प्रशिक्षक रणधीर सर मुद्दाम पुण्याहून आले होते. माईक हातात येताच ते खुलले. "आज एक गुपित फोडतो. गोव्याचा मोठा क्लब याला न्यायला दोनदा आला होता. मी सांगून टाकलं, पोराचा गुडघा कामातून गेलाय! नाहीतर हा हिरा आपल्याकडं राहिला असता का?"

मंडपात हशा पिकला, टाळ्या पडल्या.

बसवेशच्या गुडघ्यानं त्याला कधीच दगा दिला नव्हता. सरांनी पुढं केलेला हात तसाच सोडून तो स्टेजवरून उतरला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांजवळ गेला.

"अप्पा, ऐकलंत? मला जन्मभर वाटत राहिलं, माझाच खेळ कमी पडला."

कल्याणप्पांनी मान वर केली नाही.

"सरांवर राग धरू नगंस," ते हळूच म्हणाले. "एकुलता एक तू. तिकडं मोठा झाला असतास, तर घरी कशाला परतला असतास? दोन्ही येळेस म्याच सरांचे पाय धरले व्हते."