गोधडीखालचा लॅपटॉप

गोधडीखालून आवाज येत होता. "बी फॉर बॉल. बी फॉर बॉल. बी फॉर बॉल." खेळण्यातला लॅपटॉप तेच तेच म्हणत होता आणि राणी पुढचं बटण दाबत नव्हती. चंदनाने भाकरी थापता थापता हाक मारली. मग पिठाच्या हातांनीच तिने गोधडी ओढली.

पाच वर्षांच्या राणीचे डोळे वर गेले होते. डावा हात ताठ होऊन हिसके देत होता. ओठांच्या कोपऱ्यात फेस होता. त्या हिरव्या खेळण्यातले लाल-निळे दिवे तिच्या तोंडावर लुकलुकत होते.

चंदना किंचाळली नाही. तिने लेकीला कुशीवर वळवलं, फ्रॉकचं गळ्याचं बटण सोडलं, डोक्याखाली टॉवेलची घडी सरकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शेजारची राजेश्वरी हुंगवायला कांदा फोडून धावत आली. दातांत चमचा घाला म्हणाली.

"तोंडात काय घालायचं न्हाई," चंदना म्हणाली. "हातपाय बी दाबू नका. थांबंल."

दोन मिनिटांनी थांबलं. राणीचं अंग सैल पडलं, श्वास घोरल्यासारखा चालू झाला. तेव्हा कुठे चंदनाने मान वर केली. दारात सासू उभी होती. गुणमालाबाई फक्त सुनेच्या हातांकडे बघत होत्या.

चंदनाने हात पदराला पुसले. ही एवढी सराईत कशी, हा प्रश्न सासूला पडला असणार.

चंदनाला स्वतःला फिट्स यायच्या. अकरा वर्षांची होईपर्यंत. वर्गात, बस्तीच्या, जैन मंदिराच्या पायरीवर, एकदा तर विहिरीच्या काठावर. मग थांबल्या, औषधंही सुटली. तिला बघायला आले तेव्हा वडील त्यावर काही बोलले नाहीत आणि आईने तिला देवापुढे उभं करून बजावलं, "सासरी चकार शब्द काढायचा न्हाई." तिच्या भावकीतल्या एका पोरीला याच कारणाने लग्नानंतर वीस दिवसांत माहेरी आणून सोडलं होतं. ती अजून तिथेच आहे. चंदनाचा नवरा जिनेंद्र भला माणूस होता. पण भल्या माणसाला सात वर्षं फसवलं, तर तो किती भला राहतो, हे तिला माहीत नव्हतं.

जिनेंद्र हळदीच्या सौद्याला सांगलीत होता. फोन उचलत नव्हता. राजेश्वरीच्या नवऱ्याने, यशराजने, गाडी काढली. डॉक्टरांना दाखवायला म्हणून चंदनाने तो लॅपटॉप खोक्यासकट बरोबर घेतला.

मिरजेच्या रस्त्याला राणी तिच्या मांडीवर झोपली होती. सासू शेजारी, खिडकीबाहेर तोंड करून. खोक्याच्या तळाशी एक घडीचा कागद होता. वाढदिवसाला मामाने हे खेळणं आणलं तेव्हा तो कुणी उघडलाच नव्हता. चंदनाने आता उघडला. भरपूर उजेडात वापरावे. अर्ध्या तासाने विश्रांती द्यावी. राणी दुपारपासून गोधडीच्या तंबूत बसली होती, अंधारात दिवे छान दिसतात म्हणून. चंदनाने बसू दिलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती आणि पोर गप होती.

खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. लुकलुकत्या प्रकाशामुळे काही मुलांना झटका येऊ शकतो. घरात कुणाला असा त्रास असल्यास वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

घरात कुणाला. तिने कागद मुठीत चुरगळला.

"काय लिवलंय त्यात?" सासूने विचारलं.

"काय न्हाई, आत्या. सेल कसं घालायचं ते."

गुणमालाबाईंनी पुन्हा तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तरी चंदनाला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी राणीला तपासलं. लॅपटॉप सुरू करून दिवे पाहिले आणि बंद करून बाजूला ठेवला.

"यामुळेच झालं, असं आत्ताच नाही सांगता येणार. तपासण्या करू. तोवर हे तिच्या हातात देऊ नका." त्यांनी पेन उघडलं. "घरात कुणाला फिट्स येत होत्या? आईला, वडिलांना? लपवू नका. पुढचं सगळं त्यावर ठरवायचंय."

"नाही" हा शब्द चंदनाच्या जिभेवर तयार होता. सात वर्षं तयार होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. तपासायच्या टेबलावर राणीची बोटं झोपेत हलली. ती स्वप्नात हलली की पुन्हा सुरू होतंय, हे चंदनाला कळेना.

"मला," ती म्हणाली. "मला यायच्या. अकरा वर्षांची होईपर्यंत."

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. चंदनाला मागे वळून बघायचा धीर नव्हता. पाठीमागे खुर्ची सरकली. आता सासूबाई उठून बाहेर जाणार. जिनेंद्रला फोन लावणार. उद्या माहेरची माणसं बोलावणार. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

तिच्या खांद्यावर हात पडला.

"डॉक्टरीणबाई, त्याच्याखाली राणीच्या बाचं बी लिवा," गुणमालाबाई म्हणाल्या. "नऊ वर्साचा हुईस्तवर त्येला बी यायच्या. सोयरीक जुळवताना आमी बी गपच बसलो हुतो."